बिनघाईचा पैसा

हेस्टिंग्ज म्हटलं की मराठी वाचकाला आधी वॉरन हेस्टिंग्ज आठवतो, मग सालबाईचा तह. इथं त्याचा संबंध नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर या नावाचं एक गाव आहे, १०६६ च्या लढाईमुळे शाळेच्या पुस्तकात जाऊन बसलेलं. एके काळी लंडनची माणसं सुट्टीला इथं यायची. पुढं तीच माणसं विमानानं स्पेनला जायला लागली आणि किनाऱ्यावरच्या अशा कित्येक गावांसारखी याही गावाला उतरती कळा लागली.

गावाच्या मध्यावर, केंब्रिज रोडवर, ‘ऑब्झर्व्हर बिल्डिंग’ नावाची १९२४ सालची दणकट इमारत आहे. गावातलं वर्तमानपत्र तिथं छापलं जाई. १९८० च्या दशकाच्या मध्यात छापखाना हलला आणि इमारतीला कुलूप लागलं. ते पुढची तिसाहून जास्त वर्षं तसंच राहिलं. इमारत बंद, पण मालक मात्र बदलत होते. एकूण तेरा झाले. त्यामागचं गणित सोपं होतं. इमारत स्वस्तात घ्यायची, तिथं फ्लॅट बांधायची परवानगी काढायची, परवानगीमुळे कागदावर किंमत चढली की विकून मोकळं व्हायचं. छत गळत होतं, कबुतरं राहत होती, आणि बहुतेक मालक विटेला हात न लावता नफा घेऊन जात होते.

२०१९ च्या फेब्रुवारीत ही इमारत गावातल्याच एका संस्थेनं विकत घेतली. आज हा सगळा पसारा ‘हेस्टिंग्ज कॉमन्स’ या नावानं ओळखला जातो. याच मंडळींनी २०१४ मध्ये शेजारचं नऊ मजली ‘रॉक हाऊस’ घेतलं होतं. त्यात चित्रकारांचे स्टुडिओ आहेत, छोट्या धंद्यांची कार्यालयं आहेत, राहती घरंही आहेत, आणि भाड्याला वरची मर्यादा बांधून दिलेली आहे. या कामात पुढं असलेल्या जेस स्टील यांचा रोख पहिल्यापासून एकाच गोष्टीवर होता: वस्ती सुधारायची, पण ती सुधारली म्हणून तिथल्या माणसाला तिथून उठावं लागू नये.

विकत घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि भाडं वाढवायचं नाही. ऐकायला हे दानधर्मासारखं वाटतं. पण यातला बराचसा पैसा दान नाही, तो परत करायचा आहे, व्याजासकट. तो येतो कुठून आणि परत कसा जातो, ते सावकाश बघू.

आधी मुळातली अडचण. चित्रकार, कुंभार, छापकाम करणारे, वाद्यं बनवणारे, नाटकवाले यांना जागा मोठी लागते आणि भाडं कमी लागतं. म्हणून ते नेहमी कुणालाच नको असलेल्या जागी जातात. लंडनमध्ये १९६८ साली ब्रिजेट रायली आणि पीटर सेजली या चित्रकारांनी पुढाकार घेऊन ‘स्पेस’ ही संस्था काढली आणि सेंट कॅथरिन डॉक्सच्या ओस पडलेल्या गोदामांत स्टुडिओ थाटले. १९७२ मध्ये ‘ॲक्मे’ आली. तिनं पूर्व लंडनमधली पाडायला ठेवलेली घरं महापालिकेकडून तात्पुरती घेऊन कलावंतांना दिली. या ‘तात्पुरती’ शब्दातच सगळी गोम आहे. कलावंत येतात, भिंतींना चुना लावतात, खाली कुणीतरी कॉफीचं दुकान काढतं, रविवारी माणसं फिरायला येऊ लागतात, आणि मग जमीनमालकाला जाग येते. सेंट कॅथरिन डॉक्सला आज कोणी स्वस्त गोदाम शोधायला जात नाही. तिथं खाजगी नौका नांगरलेल्या असतात. लंडनच्या महापौर कार्यालयानं २०१४ मध्ये करून घेतलेल्या पाहणीत पुढच्या पाच वर्षांत शहरातले सुमारे ३० टक्के स्टुडिओ जातील असा अंदाज होता.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायला नको. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग केले आणि त्या जागेच्या नावानं एक अख्खी चळवळ ओळखली गेली, पण जागा शाळेची होती, नंतर संस्थेला माहीमच्या पालिका शाळेत जावं लागलं. आम्ही काही हौशी मंडळी एका शाळेच्या वर्गात तालमी करायचो. नवे विश्वस्त आले, त्यांनी भाडं तिप्पट केलं, आणि आमचं नाटक दुसऱ्या अंकातच संपलं. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. जागा त्यांची होती.

तर पहिला नियम हा की भाडं तोच ठरवतो ज्याची जागा. ॲक्मेला हे पुरतं उमगलं होतं. १९९० च्या दशकात कलांना पैसा देणाऱ्या राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून मदत मिळताच तिनं इमारती विकत घ्यायला सुरुवात केली. प्रश्न असा की लॉटरी सगळ्यांना लागत नाही. मग बाकीच्यांनी काय करायचं?

बँकेत जाऊन बघू. बँकेचा माणूस विचारतो, भाडेकरू कोण? एक कुंभार, दोन चित्रकार, एक सायकल दुरुस्त करणारा, कविसंमेलनं भरवणारी एक बाई. उत्पन्नाचा पुरावा? मागच्या वर्षीचं आहे, त्याच्या मागच्या वर्षीचं विचारू नका. इमारतीची अवस्था? छत गळतंय. बँक नकार देते, आणि बँकेच्या जागी बसलो तर आपणही तेच करू. ठेवीदारांचे पैसे आहेत, उद्या मागितले तर द्यायचे आहेत. बँकेच्या पैशाला घाई असते आणि तो तिचा दोष नाही. राहिलं अनुदान. अनुदान परत द्यावं लागत नाही, पण ते एकदाच येतं, ठरलेल्या कामालाच येतं, आणि बहुधा उशिरा येतं. इमारत विकायला निघते तेव्हा मालक काही महिने थांबतो, अर्जांची छाननी होईपर्यंत थांबत नाही.

या दोघांच्या मधली जागा सामाजिक गुंतवणूक भरते. हा पैसा परत हवा असतो, थोडं व्याजही हवं असतं, पण तो धोका जास्त पत्करतो, मुदत लांब देतो आणि इमारतीची किंमत वाढली म्हणून त्यात वाटा मागत नाही. असा पैसा कुणाकडे असतो, हा खरा कुतूहलाचा भाग आहे.

ब्रिटनमध्ये २००८ साली एक कायदा झाला. बँकेतल्या ज्या खात्याला खातेदारानं १५ वर्षं हात लावलेला नाही, त्यातले पैसे बँकेनं स्वेच्छेनं एका वेगळ्या निधीकडे द्यायचे आणि त्यातून समाजोपयोगी कामाला भांडवल उभं करायचं. खातेदार किंवा त्याचा वारस कधीही उगवला तरी त्याचे पैसे त्याला मिळतात. हक्क बुडत नाही. पण बहुतेक जण उगवत नाहीत. या झोपलेल्या खात्यांच्या पैशातून आणि चार मोठ्या बँकांनी मिळून घातलेल्या २० कोटी पौंडांतून २०१२ मध्ये ‘बिग सोसायटी कॅपिटल’ ही संस्था उभी राहिली. २०२४ मध्ये तिचं नाव बदलून ‘बेटर सोसायटी कॅपिटल’ झालं. ती स्वतः हेस्टिंग्जमध्ये येऊन कर्ज देत नाही. ती घाऊक व्यापारी आहे: छोट्या सामाजिक निधींना पैसे देते, आणि ते निधी पुढं संस्थांना देतात. याखेरीज जुने धर्मादाय न्यास असतात. त्यांचा मूळ पैसा एरवी शेअर बाजारातच पडून असायचा, त्यातला काही भाग ते इकडे वळवतात. निव्वळ कलाक्षेत्रासाठी २०१५ मध्ये ‘आर्ट्स इम्पॅक्ट फंड’ निघाला, एकूण ७० लाख पौंडांचा, दीड लाखापासून सहा लाख पौंडांपर्यंत कर्ज देणारा. सरकारी आर्ट्स कौन्सिल, न्यास आणि एक मोठी अमेरिकन बँक अशा परस्परांपासून बऱ्याच लांबच्या मंडळींनी त्यात पैसे घातले होते.

आता एका इमारतीचा हिशेब मांडू. आकडे माझे, समजण्यापुरते. कुठल्या खऱ्या इमारतीचे नाहीत.

खरेदी आणि दुरुस्ती मिळून खर्च १२ लाख पौंड. त्यातले ४ लाख अनुदानातून मिळाले. २ लाख पौंड गावकऱ्यांनी संस्थेचे भाग (शेअर) घेऊन दिले, त्यावर ३ टक्के व्याज. उरलेलं ६ लाखांचं कर्ज सामाजिक गुंतवणूकदाराकडून, ७ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी. कर्जाचा वर्षाचा हप्ता साधारण ६६ हजार. भागांवरचं व्याज ६ हजार. विमा, वीज, झाडलोट, एक व्यवस्थापक, किरकोळ दुरुस्ती यांचे ६० हजार. पुढं कधीतरी छत बदलावं लागणार, त्यासाठी १० हजार बाजूला. एकूण १ लाख ४२ हजार. इमारतीत ४० खोल्या आहेत आणि वर्षभरात सरासरी ५ टक्के रिकाम्या राहतात असं धरलं, तर एका खोलीचं महिन्याचं भाडं ३२० पौंड ठेवावं लागतं. वर्षअखेरीस चार हजारांच्या आसपास उरतात.

आता यातली एकेक वीट काढून बघा. अनुदान काढलं आणि ते ४ लाखही कर्जानं उभे केले, तर वर्षअखेरीस काही न उरताही भाडं ४०८ च्या घरात जातं. व्याज ७ ऐवजी १० टक्के झालं, तर खोलीमागे आणखी २८ ते ३० पौंड चढतात. आणि ५ ऐवजी १५ टक्के खोल्या रिकाम्या राहिल्या, तर भाडं तेच ठेवून वर्षाला अकरा हजारांचा खड्डा पडतो. माझ्या मते हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच प्रकल्पाच्या देखण्या अहवालांत कमी दिसतो. व्याजदरावर लोक तासन्‌तास भांडतात. इमारत बुडते ती रिकाम्या खोल्यांनी.

म्हणूनच शहाण्या संस्था सगळी इमारत कलावंतांना देत नाहीत. तळमजल्यावर दुकान किंवा व्यायामशाळा, वर संगणकावर काम करणाऱ्यांसाठी टेबलं, त्याच्या वर स्टुडिओ, सगळ्यात वर घरं. ज्याला परवडतं तो थोडं जास्त देतो, त्यावर कुंभाराचं चाक फिरतं. रॉक हाऊसची रचना अशीच मिश्र आहे. दुसरी युक्ती म्हणजे एकदम सगळं दुरुस्त न करणं. एक मजला राहण्याजोगा करायचा, त्याचं भाडं सुरू करायचं, मग पुढचा मजला. ठेकेदाराला हे आवडत नाही, पण व्याजाचं मीटर हळू पळतं.

पंधरा वर्षांनी काय होतं ते या हिशेबाचं फळ. आजूबाजूचं भाडं तोवर ५०० वर गेलेलं असेल. पण आपल्या इमारतीचा खर्च शेजारच्या भाड्यावर ठरत नाही. तो ठरतो हप्त्यावर, आणि हप्ता व्याज बांधलेलं असेल तर जिथल्या तिथं असतो. मग एक दिवस कर्ज फिटतं आणि वर्षाचे ६६ हजार मोकळे होतात. त्यांतून भाडं उतरवा, नाहीतर शेजारची पडकी इमारत घ्या.

इथं कुणीही चतुर माणूस विचारील, की कर्ज फिटलेली, किंमत तिप्पट झालेली इमारत विकून सभासदांनी पैसे वाटून घेतले तर? तेरा मालकांनी तेच केलं होतं. चौदावा वेगळा कशावरून?

वेगळा कायद्यानं. अशा संस्था बहुधा ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’ म्हणून किंवा त्यासारख्याच बंधनांखाली नोंदवतात. सध्याचा कायदा २०१४ चा, पण त्याचं मूळ १८५२ पर्यंत जातं, आणि भारतात १९०४ मध्ये आलेला सहकारी कायदा याच घराण्यातला. त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाला ‘कम्युनिटी शेअर’ समजायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या गृहनिर्माण सोसायटीचं भागपत्र काढून बघा: ५० रुपयांचे काही भाग, एकूण रक्कम काही शे रुपये. फ्लॅटची किंमत कोटीवर गेली तरी त्या भागाची दर्शनी किंमत तेवढीच. कम्युनिटी शेअरही तसाच असतो. घातलेले १०० पौंड कधीही १०१ होत नाहीत, व्याज मिळालंच तर माफक, आणि भाग कितीही घ्या, मत एकच. साधारणपणे एका व्यक्तीला एक लाख पौंडांच्या वर भाग घेता येत नाहीत. फरक इतकाच की आपल्या सोसायटीत फ्लॅट आपण विकतो आणि नफा आपला असतो. तिथं इमारत सोसायटीची असते आणि मालमत्तेला कुलूप घालायची सोय कायद्यात आहे. संस्था मोडली तरी उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे जाते. विकून वाटून खाण्याचा दरवाजाच बंद, म्हणून त्या मोहानं कोणी आत येत नाही.

भाग परत देऊन पैसे काढता येतात, असं अर्जावर लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण बारीक अक्षरांत पुढं असतं की पहिली काही वर्षं नाही, आणि नंतरही संचालक मंडळाला परवडेल तेवढंच. वरच्या हिशेबात वर्षाला चार हजार उरत होते. त्यांत दोन लाखांचे भाग परत करायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच काढा. शिवाय बँकेच्या ठेवीला असतं तसं विम्याचं कवच या भागांना नाही. संस्था बुडाली तर पैसे बुडाले.

आणि संस्था बुडते. त्याचं उदाहरण त्याच गावात, ऑब्झर्व्हर बिल्डिंगपासून काही मिनिटं चालत गेलं की समुद्रात उभं आहे.

हेस्टिंग्जचा पिअर १८७२ चा: लोखंडी खांबांवर समुद्रात आत गेलेला लांबलचक लाकडी धक्का. त्यावर नाचगाण्याचं सभागृह होतं. रोलिंग स्टोन्स, जिमी हेंड्रिक्स, पिंक फ्लॉइड तिथं वाजवून गेले. पुढं तो धोकादायक म्हणून बंद झाला, आणि २०१० च्या ऑक्टोबरात आगीत बहुतेक जळाला. गावानं तो सोडला नाही. बचाव मोहीम झाली, नगरपरिषदेनं सक्तीनं तो ताब्यात घेऊन एका स्थानिक संस्थेकडे दिला, लॉटरीच्या वारसा निधीतून एक कोटी पौंडांहून जास्त रक्कम आली, आणि सुमारे तीन हजार लोकांनी भाग घेऊन सहा लाखांच्या आसपास पौंड घातले. २०१६ च्या एप्रिलमध्ये पिअर उघडला. २०१७ च्या ऑक्टोबरअखेर त्याला ब्रिटनमधला वास्तुकलेचा सर्वांत मोठा मान, स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. आणि पुढच्याच महिन्यात संस्था दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेली. २०१८ मध्ये पिअर एका खाजगी हॉटेलमालकाला विकला गेला. किंमत ६० हजार पौंड असल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. तीन हजार भागधारकांना काही मिळालं नाही.

लोक प्रामाणिक होते, पैसा बिनघाईचा होता, कायदा तोच होता. मग चुकलं कुठं? माझं मत असं, की पिअरला खोल्या नव्हत्या. आग लागल्यावर जे उभं राहिलं ते मोकळं, देखणं, विस्तीर्ण फळ्यांचं पटांगण होतं. वास्तुतज्ज्ञांना ते मोकळेपणच भावलं. पण मोकळ्या फळीला महिन्याच्या एक तारखेला भाडं येत नाही. येतो तो कार्यक्रमाच्या दिवशीचा गल्ला, तोही ऊन असेल तर. खालच्या लोखंडाला मात्र समुद्र रोज खात असतो. रॉक हाऊसमध्ये पावसाळी नोव्हेंबरातही कुंभार भाडं भरतो. बिनघाईचा पैसा तोट्याला थोडा वेळ देऊ शकतो, तोट्याचा नफा करू शकत नाही.

हे पाहूनच की काय, लंडननं २०१९ मध्ये निराळी वाट धरली. महापौर कार्यालय, आर्ट्स कौन्सिल, ब्लूमबर्ग यांचा न्यास वगैरेंनी मिळून ‘क्रिएटिव्ह लँड ट्रस्ट’ काढला. हा ट्रस्ट स्टुडिओ चालवत नाही. तो इमारती मिळवतो, कायमच्या धरून ठेवतो आणि चालवायला ॲक्मेसारख्या अनुभवी संस्थांना लांब मुदतीनं देतो. उद्दिष्ट हजार स्टुडिओंचं. लंडनच्या भावात ते किती वर्षांत गाठलं जाईल याबद्दल मी फार आशावादी नाही, पण मालकी आणि कारभार वेगळे ठेवण्याची कल्पना पक्की आहे. एका संस्थेचा कारभार फसला तरी इमारत हातची जात नाही.

भारतातही झोपलेली खाती आहेत. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी’त भरतात. २०१४ पासून ही व्यवस्था आहे, आणि मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. निधीचा हेतू त्याच्या नावातच लिहिला आहे. तालमीची खोली किंवा कुंभाराची भट्टी त्यात बसत नाही. ती बसवायची तर कायदा बदलावा लागेल, आणि बदलताना ब्रिटिशांची पहिली अट तशीच ठेवावी लागेल: खातेदार कधीही आला तरी त्याचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत.

तोवर एक करा. रिझर्व्ह बँकेचं ‘उद्‌गम’ नावाचं पोर्टल ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे. आजीच्या ट्रंकेत जुनं पासबुक सापडलं असेल, तर तिथं नाव घालून शोधा. काही निघालं तर ते आधी तुमचं आहे.